रिकामा काटा

डिसेंबर. तोरणमाळ.
तलावाच्या वरच्या अंगाला बांधावर तिपाई रोवली.
कॅमेरा उणे दहावर. मी त्याहून थोडा वर.
जयमल पावरानं माझ्या सांगण्यावरून शेकोटी विझवली
आणि आता घोंगडीत बसून तो बघतोय
मी नक्की कशावर एवढा जीव टाकलाय.

ययातीत एक तांबडा मेघ आहे.
नुसत्या डोळ्यांना नाही दिसत.
नंदुरबारला पथारीवर मिरची वाळत असते,
तिच्यावरून उन्हं उतरून गेल्यावर
जमिनीवर जो रंग उरलासा वाटतो
तेवढाच तो.

दिवसा मी मिरचीच्या वजनकाट्यावर असतो.
ट्रक चढतो, आकडा पडतो, पावती फाटते.
म्हणून गेन मला कुणी समजावावा लागला नाही.
पुस्तिकेत त्याची तीन पानं आहेत,
मला दोन काटे पुरले:
एक आमचा, वीस टन झेलणारा,
ज्याच्या लेखी एक मिरची म्हणजे काहीच नाही;
आणि एक सोनारगल्लीतला,
श्वास लागला तरी हलणारा,
ज्याच्यावर पोतं ठेवलं तर संपलाच.
गेन चढवत गेलो की मी सोनाराकडे सरकतो.
अंधूक असेल ते मोजलं जातं,
पण ठळक तारे पारड्यात मावेनासे होतात,
रंग सांडून पांढरेफटक पडतात.
उतरवत आलो की तारे सांभाळले जातात
आणि मेघ यंत्राच्या स्वतःच्याच खरखरीत बुडतो.
वरून पडणारं तेवढंच पडत राहतं.
काटा बदलला म्हणून
झाडाला एक मिरची जास्त लागत नाही.

ऑफसेट मात्र दोन हिवाळे कळला नाही.
शून्य ठेवला होता.
मला काळं आकाश हवं होतं, काजळ घातल्यासारखं,
ते मिळालंही.
मेघाच्या कडा त्यात कुठे गेल्या
मी विचारलं नाही.

परवा काट्याच्या खोलीत
उखर्डू आप्पाचं जुनं रजिस्टर निघालं.
प्रत्येक दिवसाची पहिली ओळ,
रिकामा काटा, बारा किलो.
रिकामा काटा, बारा किलो.
एखाद्या दिवशी अकरा. एखाद्या दिवशी तेरा.
व्यापारी म्हणायचे, म्हातारा बारा किलो मारतो.
तो तर प्रत्येक पावतीतून ते बारा वजा करायचा,
पेन्सिलीनं, थुंकी लावून.
नवा होतो तेव्हा मीही विचारलं होतं,
सरळ शून्यावर का नाही आणत?
वारा शे ना, म्हणाला, काटा थरथरस,
कधी वर, कधी खाले.
जे शून्यना खाले जास, ते काटाले दखात नही, भाऊ.
तो निस्ता शून्यच म्हनस.

म्हणजे माझा कॅमेराही अंधारात थरथरतच होता,
थोडं वर, थोडं खाली,
आणि खालचं सगळं मी कापून टाकत होतो,
स्वच्छ दिसतं म्हणून.
त्या रात्री जुन्या फ्रेम उघडल्या.
एकेक ठिपका मोठा करून पाहिला.
शून्य. शून्य. शून्य. सात. शून्य.
यातून काही वजा करता येत नाही.
यात काही मिळवताही येत नाही.

आज ऑफसेट पन्नास.
आधी झाकण लावून कोऱ्या फ्रेम घेतल्या,
त्याच गेनवर, त्याच थंडीत:
पहिली ओळ लिहून ठेवली.
मग झाकण काढलं. पाच मिनिटं.
दहिवरानं भिंग धूसर होऊ नये म्हणून
हीटरची पट्टी गुंडाळली, बॅटरीकडे बघणं टाळलं.
पडद्यावर आलेख उभा राहिला,
डाव्या भिंतीपासून बोटभर सुटून,
पहिल्यांदाच कुठे न टेकता.

जयमलला दाखवलं.
राखाडी चौकोन, मधे कुठे कुठे तारे.
एवढ्यासाठी माझी शेकोटी?
हा तर धूर आहे, तो म्हणाला.

हो, म्हटलं.
अजून वजा करायचंय.